दगड सरकारचा, अर्ज घरच्यांचा



आपल्या गावच्या वेशीजवळ, नाही तर महादेवाच्या देवळामागे एखादा उभा चिरा भिंतीला टेकून ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. त्यावर तीन-चार खण असतात. खालच्या खणात लढाई चाललेली. त्याच्या वरच्या खणात अप्सरा त्या वीराला वर नेत आहेत. आणखी वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्रसूर्य. हा वीरगळ. कुणी गुरे सोडवताना पडला, कुणी गाव राखताना, कुणी धन्यासाठी लढताना. त्याच्या नावाने हा दगड उभा केला. आजही बायाबापड्या त्याला शेंदूर लावतात. पण ‘हा कुणाचा?’ असे विचारा, गावात कुणाला सांगता येत नाही. बहुतेक वीरगळांवर अक्षर म्हणून नसते. दगड राहिला, नाव गेले.

साध्या शिपायाचेही नाव टिकावे, आणि त्यासाठी लागणारा दगड सरकारने स्वतःच्या खर्चाने द्यावा, ही कल्पना जगात फार जुनी नाही. ती कायद्याने आणि मोठ्या प्रमाणावर अमलात आली अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात. त्या दगडाची हकीकत आज सांगायची आहे. तुम्ही म्हणाल, थडग्यावरच्या दगडात इतिहास कसला? आहे. कारण हा दगड आपोआप येत नाही. त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो, आणि मेलेला माणूस स्वतः अर्ज करीत नाही. म्हणजे त्याच्यामागे अर्ज करणारा कोण उरला, आणि सरकारने त्याला अर्ज करू दिला की नाही, यावर त्या शिपायाचे नाव राहायचे की जायचे हे ठरते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. उत्तरेची राज्ये एका बाजूला, गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये दुसऱ्या बाजूला. या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, आणि त्यांतले गोळीने मेले त्यापेक्षा हगवण आणि ताप यांनी मेले ते जास्त. एवढी माणसे पुरायची कुठे, आणि ओळखायची कशी, याची तयारी कुणाचीच नव्हती. सप्टेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या युद्धखात्याने हुकूम काढला की प्रत्येक मृताच्या डोक्याशी नाव लिहिलेली लाकडी फळी लावावी. पुढल्या वर्षी, जुलै १८६२ मध्ये, सैनिकांच्या दफनासाठी जमीन विकत घेण्याचा अधिकार तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, राष्ट्राध्यक्षाला दिला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता. ‘राष्ट्रीय दफनभूमी’ म्हणतात तिची सुरुवात ही.

हुकूम कागदावर ठीक होता. लढाईच्या धुमाळीत फळी कोण रंगवणार? त्या वेळी सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा बिल्लाही नसे. तो बिल्ला लष्कराने १९०६ साली अधिकृत केला. १८६४ साली कोल्ड हार्बरच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री सैनिक आपापले नाव-गाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कोटाच्या पाठीला टाचून घेत होते, असे तिथे हजर असलेल्या एका अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवले आहे. उद्या आपण मरणार हे त्यांना कळून चुकले होते. निदान नाव न लागता मरू नये, एवढीच धडपड.

नाव टिकवायला दगडाच्या आधी यादी लागते. ही गोष्ट एका पोराने दाखवून दिली. दक्षिणेत जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांचा तळ होता. नुसते लाकडी खांबांचे उंच कुंपण, आत छप्पर नाही, प्यायला घाण पाणी. चौदा महिन्यांत तिथे उत्तरेचे सुमारे तेरा हजार कैदी मेले. त्या कैद्यांत डोरेन्स ॲटवॉटर नावाचा विशीच्या आतबाहेरचा तरुण होता. त्याचे अक्षर चांगले म्हणून शत्रूने त्याला मृतांची नोंदवही लिहायला बसवले. यादी घरच्यांपर्यंत कधी पोचणार नाही, अशी शंका त्याला आली. त्याने चोरून दुसरी प्रत काढायला सुरुवात केली आणि सुटताना ती लपवून बाहेर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन ही बाई, म्हणजे पुढे अमेरिकन रेड क्रॉस स्थापन करणारी, आणि हा ॲटवॉटर लष्कराच्या एका तुकडीबरोबर तिथे गेले. कैद्यांना ओळीने पुरले होते आणि ओळीत खुंट्यांवर नंबर होते. यादीतला नंबर आणि खुंटीवरचा नंबर जुळवीत गेले. जवळजवळ तेरा हजार थडग्यांपैकी ‘अज्ञात’ अशी पाटी लावावी लागली ती अवघ्या साडेचारशेच्या वर थोड्या थडग्यांना!

आणि त्या पोराला काय मिळाले? यादी कुणाची यावरून त्याचा युद्धखात्याशी वाद झाला. सरकारची कागदपत्रे पळवली म्हणून त्याच्यावर लष्करी खटला भरला आणि त्याला तुरुंगात टाकले. पुढे त्याची सुटका झाली, आणि १८६६ साली ती यादी छापून निघाली. कारकुनाला कमी लेखणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी असे मला नेहमी वाटते.

युद्ध संपल्यावर शेताबांधांतून, रस्त्यांच्या कडेने पुरलेली प्रेते उकरून राष्ट्रीय दफनभूमींत आणण्याचे प्रचंड काम निघाले. १८७० पर्यंत जवळजवळ तीन लाख उत्तरेकडील सैनिकांना असे एकत्र आणले. त्यांतल्या शंभरांत चाळिसांहून अधिकांची ओळख लागली नाही. काळ्या सैनिकांमध्ये तर ओळख लागली ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

या सगळ्यांच्या डोक्याशी लाकडी फळ्या होत्या. एका फळीला खर्च सव्वा डॉलरच्या आत, एक डॉलर तेवीस सेंट. स्वस्त वाटते खरे, पण फळी पाच वर्षांत कुजते. ती बदला, पुन्हा अक्षरे रंगवा. वीस वर्षांत हा खर्च दहा लाख डॉलरवर जाईल असा हिशेब निघाला. पुरवठाखात्याचा मुख्य जनरल मेग्ज याला जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी खूण हवी होती. ती स्वस्त आणि टिकाऊ, असे त्याचे म्हणणे. लोकांना मात्र ते पटेना. शेवटी मार्च १८७३ मध्ये काँग्रेसने दगडासाठी दहा लाख डॉलर मंजूर केले आणि युद्धमंत्री बेल्कनॅप याने नमुना ठरवला. चार इंच जाड, दहा इंच रुंद, जमिनीवर बारा इंच दिसेल अशी संगमरवराची शिळा. माथा किंचित गोलसर. समोर ढालीच्या आकाराची खोलगट चौकट आणि तीत थडग्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि राज्य. ज्याची ओळख नाही त्याला सहा इंच चौरस ठोकळा, त्यावर नुसता आकडा. सेनापती असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा. हुद्द्याने दगड मोठा होत नाही, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

पण इथपर्यंत अर्जाचा प्रश्न आला नव्हता. जे राष्ट्रीय दफनभूमीत होते त्यांचा दगड सरकार आपणच लावत होते. प्रश्न आला तो घरी परत गेलेल्यांचा. युद्धातून जिवंत सुटला, गावी गेला, शेती केली, जुन्या जखमेने किंवा म्हातारपणाने वारला आणि गावच्या दफनभूमीत पुरला गेला, त्याचे काय? त्याची बायको गरीब. दगड कुठून आणणार? ३ फेब्रुवारी १८७९ च्या कायद्याने ही अडचण दूर केली. खाजगी, खेड्यातल्या वा शहरातल्या कोणत्याही दफनभूमीत बिनदगडाचे थडगे असेल, आणि आतला माणूस या युद्धात लढलेला असेल, तर दगड सरकार देईल. मात्र तो मागावा लागेल. मेलेल्यांच्या जुन्या सोबत्यांनी, गावच्या अंमलदारांनी, बायकामुलांनी मागण्या पाठवल्या. दर दगडामागे एकेक कार्ड लिहिले गेले. नाव, पलटण, दफनभूमी, गाव, राज्य, मृत्यूची तारीख. १९०३ च्या सुमारापर्यंतची अशी दीड लाखाहून अधिक कार्डे तिथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात जपलेली आहेत.

पुण्याजवळ खडकीला महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी ज्यांनी पाहिली असेल त्यांना इथे फरक लक्षात येईल. १९१७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने तिथे जे दगड लावले ते युद्धाच्या काळात मेलेल्यांसाठी, आणि आयोग ते आपणहून लावतो. लढाईनंतर घरी येऊन चाळीस वर्षांनी अंथरुणावर वारलेल्या शिपायाला त्यात जागा नाही. अमेरिकेच्या कायद्याने मरणाचे ठिकाण आणि वेळ बाजूला ठेवली आणि सेवा तेवढी धरली. पण एकदा मरण सोडून सेवा धरली की सेवेचा पुरावा आला, आणि पुरावा आला की अर्ज आला.

आता हा अर्ज कसा असतो ते थोडे सांगतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या छापील नमुन्यात एक रकाना मला फार बोलका वाटतो, जवळच्या मालगाडीच्या स्टेशनाचे नाव. दगड रेल्वेने यायचा. स्टेशनापासून थडग्यापर्यंत न्यायची सोय ज्याची त्याने करायची. १९७३ साली राष्ट्रीय दफनभूमींपैकी बहुतेक आणि त्यांबरोबर हे दगडांचे कामही लष्कराकडून माजी सैनिकांच्या खात्याकडे गेले. आता नमुन्याला क्रमांक आहे, ४०-१३३०. मृताचे पूर्ण नाव, जन्ममृत्यूची साले, कोणत्या दलात नोकरी, हे दगडावर येतेच. हुद्दा, युद्धाचे नाव, पदक आणि घरच्यांचे दोन मायेचे शब्द हवे असतील तर घालता येतात. उभा दगड बेचाळीस इंच लांब, तेरा इंच रुंद, चार इंच जाड, वजनाला सुमारे दोनशे तीस पौंड. ज्या दफनभूमीत उभे दगड चालत नाहीत तिथे जमिनीसपाट ग्रॅनाइटचा किंवा ब्राँझचा पत्रा मिळतो. दहन केलेल्याच्या अस्थिपात्राच्या कोनाड्यासाठी लहानशी ब्राँझची पाटीही असते. धर्माचे चिन्हही कोरून मिळते. पहिल्या महायुद्धानंतर फक्त ख्रिस्ती क्रूस आणि यहुद्यांचा तारा एवढीच दोन चिन्हे होती. आज यादी सत्तरांच्या पुढे गेली आहे, आणि आपला ओम्‌ही तीत आहे. दगडाला पैसा पडत नाही, वाहतुकीलाही नाही. फक्त खाजगी दफनभूमीत तो रोवण्याचा खर्च घरच्यांचा.

आणि या अर्जाला जोडायचा तो सेवेचा दाखला. इथेच घोडे अडते.

माझ्या आजोबांचे एक चुलतभाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. लहानपणी आम्ही त्यांच्याकडून बर्फाच्या आणि खेचरांच्या गोष्टी ऐकत असू. ते गेल्यावर कधीतरी आजीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, कुणीतरी सांगितले की काही मदत मिळते. तेव्हा मी नुकताच शिकवायला लागलो होतो, आणि शिकलेला म्हणून अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले. पत्र्याची पेटी उघडली. सुटकेच्या कागदाला वाळवी लागलेली. पलटणीचे नाव आजीला तोंडपाठ, पण ‘नंबर?’ म्हणून विचारले की ती गप्प. कचेरीतल्या माणसाने दोनतीनदा परत पाठवले. त्याचेही चुकले असे म्हणवत नाही, त्याच्यापुढे नंबराशिवाय माणूसच उभा राहत नव्हता. आजी मला म्हणाली, “अरे, ते गेले होते हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, मग कागद कशाला?” मला उत्तर देता आले नाही.

अमेरिकेत ही वाळवी एकाच रात्री लागली म्हणायची. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई शहरातल्या लष्करी नोंदींच्या कचेरीला आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसांच्या नस्त्या जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांच्या! दोन महायुद्धे आणि कोरिया, सगळे त्यात आले. नक्कल नव्हती, सूक्ष्म छायाचित्रेही नव्हती. त्यानंतर जो कुणी दगड मागेल त्याच्या बापाची सेवा पगारपत्रके, दवाखान्यातल्या नोंदी, घरात ठेवलेला सुटकेचा कागद अशा तुकड्यांतून पुन्हा जुळवावी लागली, आणि आजही लागते.

पुराव्याचे झाले. आता ज्यांना दगड द्यायचाच नव्हता किंवा अर्धवट द्यायचा होता, त्यांच्याकडे वळू. हरलेल्या दक्षिणेच्या सैनिकांना प्रथम यात जागा नव्हती. उत्तरेतल्या कैदखान्यांत मेलेल्यांची थडगी खुणावण्याचा कायदा १९०६ साली झाला आणि १९२९ साली गावोगावच्या थडग्यांनाही दगड मिळू लागला. त्यांच्या दगडाचा माथा गोल नसून टोकदार असतो. उत्तरेवाल्याने त्यावर बसू नये म्हणून, असे दक्षिणेत थट्टेने सांगतात. शत्रूलाही तेच सरकार दगड देते यात मोठेपण आहे. पण तो देताना कुणाची आठवण मागे राहिली हेही पाहिले पाहिजे. यादवी युद्धात सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले. त्यांना पलटणी वेगळ्या, दफनभूमीत रांगाही वेगळ्या. आर्लिंग्टनच्या एका भागात तर गुलामीतून सुटून आलेल्या गरीब माणसांच्या दगडांवर नावाखाली नुसते ‘नागरिक’ कोरलेले आहे. ज्या देशाने त्यांना आयुष्यभर नागरिक मानले नव्हते, त्याने मेल्यावर तो शब्द दगडावर घातला.

यापेक्षा ठसठशीत उदाहरण १९१७ चे आहे. टेक्सासातल्या ह्यूस्टन शहरात काळ्या सैनिकांची चोविसावी पायदळ पलटण होती. शहरातल्या पोलिसांच्या मारहाणीने आणि रोजच्या अपमानाने पेटून ऑगस्टमध्ये काही सैनिक हत्यारे घेऊन बाहेर पडले. गोरे नागरिक आणि पोलीस मारले गेले, काही सैनिकही मेले. एकशे दहा सैनिक लष्करी न्यायालयात दोषी ठरले, एकोणीस फासावर गेले. त्यांतल्या पहिल्या तेरांना डिसेंबरमध्ये अपील करायलाही वेळ दिला नाही. सतरा जण पुढे सॅन अँटोनिओच्या राष्ट्रीय दफनभूमीत आले. दगड त्यांनाही मिळाला, पण त्यावर फक्त नाव आणि मृत्यूची तारीख. हुद्दा नाही, पलटण नाही, राज्य नाही. नियमच तसा होता. कलंकित ठरून सुटलेल्याला सैनिकाचा दगड मिळत नाही. शेजारच्या दगडांच्या रांगेत हे सतरा दगड अर्धे कोरे उभे होते. वंशजांनी, वकिलांनी आणि अभ्यासकांनी अर्जामागून अर्ज केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्कराने त्या एकशे दहाही शिक्षा रद्द केल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या सतरा थडग्यांवर नवे दगड लागले. त्यांवर हुद्दा, पलटण आणि राज्य आले. एकशे सहा वर्षांनी तीन ओळी वाढल्या.

शेवटी, अर्ज करायचा कुणी? हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावरून तिथे मोठा वाद झाला. २००९ साली नियम असा झाला की मृताचा सर्वांत जवळचा वारस किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला माणूस, यानेच अर्ज करावा. हेतू वाईट नव्हता. दगडावर काय कोरायचे हे घरच्यांनी ठरवावे, परक्याने नव्हे. पण यादवी युद्धात लढलेल्या शिपायाचा सर्वांत जवळचा वारस आज कुठून आणायचा? ज्याला मूलबाळ झाले नाही त्याला पणतूही नाही. गुलामीतून सुटून पलटणीत गेलेल्या कित्येकांच्या घराण्याचा मागच लागत नाही, कारण बापाचे नाव आणि आडनावच मालकाने ठरवलेले. तेव्हा तिथले गावोगावचे इतिहासाचे हौशी लोक, जुन्या दफनभूमी झाडून काढणारी मंडळी, त्यांत निवृत्त शिक्षक पुष्कळ, यांनी हजेरीपटावरून नाव शोधून काढावे, पेन्शनच्या कागदांवरून ते पक्के करावे, आणि कचेरीने म्हणावे, तुम्ही कोण त्याचे?

ओरड झाली. २०१६ साली नियम बदलला. आता ज्याची सेवा ६ एप्रिल १९१७ पूर्वी, म्हणजे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरण्यापूर्वी संपली, त्याच्यासाठी कोणीही अर्ज करू शकतो. नाते सांगावे लागत नाही. त्यानंतरच्यांसाठीही घरच्या माणसांची व्याख्या पुष्कळ सैल केली. पणत्याखापरपणत्या, माजी सैनिकांच्या संस्था, सगळे त्यात आले. पुरावा मात्र अजूनही लागतोच. हजेरीपट, पेन्शनचा कागद, सुटकेचा दाखला, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. थडगे बिनदगडाचे आहे हेही सांगावे लागते.

दगड येतो तेव्हा पेटीत बांधून येतो. बेचाळीस इंचांपैकी बराचसा भाग जमिनीत जायचा असतो. मग चारपाच माणसे जमतात, त्यांत बहुतेकदा त्या शिपायाच्या रक्ताचे कोणी नसते. कुणी खड्डा खणतो, कुणी ओळंबा धरतो, आणि ज्याने कागदपत्रांत ते नाव शोधले तो अक्षरे नीट आली की नाहीत हे आधी वाचून पाहतो.